विस्तवातला जीव आणि आक्कांचा गूळ



पाठशाळेत मुलांना पाच स्थावर जीव शिकवायला घेतले की पृथ्वी, पाणी, वनस्पती इथपर्यंत गाडी सुरळीत जाते. झाड जिवंत असतं हे ती शाळेतही शिकलेली असतात. अग्निकाय म्हटलं की मात्र हात वर होतात. काकू, आग तर सगळ्यांना जाळते, मग ती जीव कशी? आणि जीव असेल तर आपण तिला रोज गॅसवर पेटवतो न् विझवतो, त्याचं काय?

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या शेजारपाजारी अग्नी हा देव आहे, देवांपर्यंत हवी पोचवणारा. पारशी बांधवांनी उदवाड्याला आतश शतकानुशतकं विझू दिलेला नाही. आपल्याकडे अग्नी देवही नाही आणि नुसती वस्तूही नाही. तो एकेंद्रिय जीव आहे, फक्त स्पर्श जाणणारा. मूलाचारात त्याचे प्रकार दिलेत: निखारा, ज्वाला, दिव्याची ज्योत, राखेत दबलेला विस्तव. त्याचं आयुष्य जास्तीत जास्त तीन अहोरात्र. म्हणजे ज्या चुलीवर आपल्या आज्यांनी जन्म काढला, तिच्यात किती पिढ्या जन्मल्या आणि गेल्या याचा हिशोबच नको. तत्त्वार्थसूत्राच्या आपल्या पाठात अग्नी स्थावरांत आहे. श्वेतांबर पाठात तो आणि वायू त्रस जीवांत धरलेत, कारण ते हलतात. साताऱ्याला माहेरी आमच्या शेजारी श्वेतांबर कुटुंब होतं. त्यांच्या आजी आणि माझी आजी यांचा यावरून वाद चालायचा, आणि वाद चालू असतानाच एकीच्या चुलीतला विस्तव दुसरीकडे जायचा. काडी वाचते ना!

आगीची जी गोष्ट मी मुलांना सांगते तीही त्या शेजारच्या आजींकडून ऐकलेली. पुढे कळलं की ती हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात आहे. ऋषभदेवांच्या काळात लोक कच्चं धान्य खायचे, ते पचेना. एक दिवस झाडांच्या फांद्या एकमेकींवर घासून आग उपजली. लोकांना वाटलं रत्नंच आहेत, धरायला गेले आणि हात पोळले. ऋषभदेव म्हणाले, यात धान्य शिजवा. लोकांनी धान्य आगीत टाकलं आणि पुन्हा तक्रार घेऊन आले, की ही तर सगळं स्वतःच खाते, आम्हाला काही परत देत नाही! तेव्हा ऋषभदेवांनी हत्तीच्या गंडस्थळावर ओली माती थापून पहिलं भांडं घडवलं. म्हणजे कुंभाराची कला सगळ्यांत आधी. माणूस आगीवर रांधायला लागला आणि माणूस झाला, असं शास्त्रज्ञ म्हणतात. आपल्या गोष्टीत त्याच्या आधी एक मडकं आहे. आग आणि अन्न यांच्यात काहीतरी ठेवावं लागतं, हे आम्हा बायकांना सांगायची गरज नाही.

मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भगवतीसूत्राच्या सातव्या शतकात आहे. कालोदायी भगवान महावीरांना विचारतो, दोन सारखी माणसं आहेत. एक आग पेटवतो, एक विझवतो. जास्त पाप कुणाला? मला हा प्रश्न पहिल्यांदा एका साध्वीजींच्या प्रवचनात कळला तेव्हा वाटलं, विझवणाऱ्यालाच. तो जिवंत ज्योत मारतो. भगवंतांचं उत्तर उलट आहे. विझवणारा अग्निकाय जीव जास्त मारतो हे खरं, पण पेटवणाऱ्यामुळे माती, पाणी, वारा, वनस्पती आणि हलणारे-चालणारे जीव मरतात. म्हणून पेटवणाऱ्याचं कर्म भारी. माझं शिक्षण बी.कॉम.पर्यंतचं, त्यामुळे मला यातलं नावे-जमा लगेच पटलं. दोन्ही बाजूंना खर्च आहे. कुठला मोठा तेवढं बघायचं.

आमच्या घरातल्या रीती या एका उत्तरात बसतात. चूल पेटवण्याआधी कुंच्यानं झाडायची. शेणी एकमेकींवर आपटून घ्यायच्या, भुंग्याचे किडे पडतात. जळण पावसाळ्याआधी भरायचं आणि जाळताना एकेक लाकूड शोधून. अंधारात रांधायचं नाही, कारण दिवा आला की पाखरू आलं; सूर्यास्ताआधी जेवण्यामागे हेही एक कारण. मुनिराज स्वतः आग पेटवत नाहीत, विझवत नाहीत, आणि त्यांच्यासाठी म्हणून पेटवलेलीही चालत नाही. घरच्यासाठी केलेल्या शुद्ध स्वयंपाकातला घास घेतात. आता गॅसवर यातलं काय उरलं म्हणाल, तर शेगडीखालून एकदा हात फिरवायचा. मुंग्या असतातच.

लग्नात मात्र आपण होम करतो, आणि नवी पिढी विचारते की हे वैदिकांचं नाही का? आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात आदिपुराणात याचं सरळ उत्तर दिलंय. अग्नी स्वतः पवित्र नाही, देवताही नाही. अर्हंतांच्या पूजेशी संबंध आला म्हणून तो पावन. तीर्थंकर, गणधर आणि केवली यांच्या निर्वाणाच्या पूजेतून तीन अग्नी मानलेत. आमच्याकडे उपाध्ये त्यांची चौकोनी, त्रिकोणी आणि गोल अशी तीन कुंडं करतात. आणि मला आवडतो तो भाग असा, की या तीन अग्नींची रोजची कामं आचार्यांनी लावून दिलीत: नैवेद्य शिजवणं, धूप आणि दिवा. म्हणजे स्वयंपाकघर त्यात आलंच. तेरापंथी मंदिरांत दीप म्हणून केशरात रंगवलेला खोबऱ्याचा तुकडा वाहतात, आपण सांगलीकडचे बीसपंथी, आपली आरती असते. यावर भांडू नये, एवढंच माझं मत.

होळीचंही थोडं. फाल्गुनातली अष्टाह्निका शुद्ध अष्टमीला सुरू होऊन पौर्णिमेला संपते, म्हणजे मंदिरात नंदीश्वर पूजेची सांगता आणि बाहेर चौकात शिमगा, एकाच दिवशी. गावात राहायचं तर पोळीचा मान गावच्या होळीला द्यावा लागे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. तिच्या कार्यकर्त्यांनी होळी लहान करा आणि पोळी दान करा असं सांगायला सुरुवात केली तेव्हा माझे वडील म्हणाले होते, हे तर आपलेच निघाले! समितीतल्यांना ते कितपत आवडलं असतं कोण जाणे.

पण आमच्या घरात आगीचा खरा प्रश्न चुलीचा नव्हता, होळीचाही नव्हता. तो पाचटाचा होता.

माझं सासर मिरज तालुक्यात, उसाचं. तोड झाली की एकरी तीन-चार टन पाला रानात पडतो. तो पेटवून द्यायचा ही सगळ्यांची रीत. अण्णांची, म्हणजे मामंजींची, कारणं खोटी नव्हती. पाचटामुळे सरीतून पाणी पुढं सरकत नाही, खोडव्याचे कोंब दबतात, उंदीर माजतात. एक काडी ओढली की तासाभरात रान मोकळं. संध्याकाळी धूर घरावरून जायचा, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळ्या तुसाचा पाऊस. दुसऱ्या दिवशी आक्का अनवाणी फेरी मारून यायच्या. राखेत गोगलगायींचे पांढरे शंख, सरडे, उंदरांच्या बिळाच्या तोंडाशी पिल्लं, कधी वेटोळ्यातच राहिलेला साप. त्या दिवशी आक्का जेवत नसत. बोलतही नसत.

1986 च्या चातुर्मासात मुनिश्रींनी श्रावकानं करू नयेत असे पंधरा उद्योग समजावले. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात ती यादी आहे. त्यात दवदान आहे: रान, गवत पेटवून देणं. आक्का घरी येऊन म्हणाल्या, "आपल्या रानात पाचट पेटायचं बंद होईतोवर माझा गूळ-साखरेचा त्याग." सहा रसांतला एक रस त्यांनी सोडला. उसाच्या घरातल्या बाईनं!

अण्णा काही वाईट मनाचे नव्हते, पण ते वाचणारे होते. म्हणाले, "त्याच यादीत यंत्रपीडन हाय. ऊस गाळणं बी त्यातच येतं. मग कारखान्याचा शेअर परत करू काय?"

आक्का म्हणाल्या, "सगळं जमंना म्हणून एकबी करायचं न्हाई व्हय?"

त्यानंतर या विषयावर दोघांचं बोलणं झालं नाही. सतरा वर्षं पाचट पेटत राहिलं आणि आक्का बिनसाखरेचा चहा घेत राहिल्या. अक्षय तृतीयेला मंदिरात उसाचा रस वाटतात, श्रेयांस राजानं ऋषभदेवांना दिलेल्या पहिल्या आहाराची आठवण म्हणून. आक्का रांगेत उभ्या राहून सगळ्यांना रस वाढायच्या, स्वतः घेत नसत. संक्रांतीला माझ्या हातावर तिळगूळ ठेवायच्या आणि मी त्यांच्या हातावर नुसते तीळ. पहिल्या वर्षी मला रडू आलं होतं. नंतर सवय झाली, आणि सवय झाली याचंच जास्त वाईट वाटायचं.

2003 च्या हंगामात पाचट पेटलं नाही. धर्म म्हणून नाही. खोडव्याचा उतारा घसरत चालला होता आणि शेतकी विभागाच्या माणसानं अण्णांना मातीचा अहवाल दाखवला: सेंद्रिय कर्ब तळाला गेलेला. पाचट एका आड एक सरीत दाबायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकायचे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हेच सांगत होतं. पाणी कमी लागतं, तण कमी येतं. अण्णांनी दोन वर्षं करून बघितलं आणि मग रानात काडी न्यायचीच नाही असं गड्यांना सांगितलं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, आक्कांच्या चहात त्यांनी स्वतः साखर घातली. दीड चमचा. आक्का म्हणाल्या, "गोड झालाय लई." प्याल्या.

अण्णांनी मातीसाठी केलं म्हणून आक्कांचा नियम कमी दर्जाचा ठरतो असं काहीजणी मला म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. अहवाल आसपासच्या कितीतरी घरांत आले, काडी सगळ्यांनी टाकली नाही. सतरा वर्षांचा फिका चहा समोर असला की अहवाल जरा लवकर पटतो.

इथं थांबले असते तर गोष्ट सोपी होती. पण आता आक्का-अण्णा दोघेही नाहीत, शेती मुलगा बघतो, आणि आता प्रश्न उभ्या उसाचा आहे. तोडीला बीडकडून टोळी येते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, मजुरी टनावर. उसाचं पान करवतीसारखं असतं. बायकांच्या हातांवर, गालांवर ओरखडे, अंधारात पाय कुठं पडेल याचा भरवसा नाही. फड पेटवून दिला की पाला जातो, साप जातात, दिवसात जास्त टन निघतात. जळीत उसाला कारखाना दर कापतो, तरी तोड लांबलेला शेतकरी कंटाळून हो म्हणतो. गेल्या हंगामात मुकादमानं मुलाला विचारलं आणि मुलानं मला फोन केला. "आई, आपण नको म्हणायचं का?"

नको म्हणायचं, हे तर ठरलेलं. पण कालोदायीचा प्रश्न मला त्या रात्री वेगळा ऐकू आला. न पेटवण्याचा खर्च आता आक्कांच्या चहावर पडत नव्हता. तो दुसऱ्याच बाईच्या हातांवर पडत होता, आणि पुण्य मात्र आमच्या खात्यावर. हे मला जमाखर्चात बसवता येईना. शेवटी मुलानं टनामागे ठरल्याहून शंभर रुपये वर दिले, हातमोजे आणि लांब बाह्यांचे शर्ट आणले. हातमोज्यात कोयता निसटतो म्हणून दोन दिवसांत सगळ्यांनी काढून टाकले. शर्ट वापरले. तोड पाच दिवस लांबली.

मी एकदा फडावर गेले होते. बांधाच्या कडेला एक कोवळी पोर तीन दगडांवर भाकरी करत होती, जळण अर्थातच पाचट. मला बघून म्हणाली, "आजी, तुमचं रान न जाळायचं म्हनं. आमच्याकडं मुकादम म्हनला, देवाचं हाय." मी म्हटलं, देवाचं नाही गं, किड्यामुंग्यांचं आहे. ती हसली. "मंग आमचं बी हाय की थोडं," म्हणाली, आणि भाकरी उलटली.

यंदा शेजारच्या रानात हार्वेस्टर आलं होतं. ते ऊस तोडतं, पाला बारीक करून मागं टाकतं. ना आग, ना ओरखडे, ना बीडची पोर. चाकाखाली काय चिरडतं ते रात्रीच्या दिव्यात दिसत नाही. मुलगा म्हणतो, पुढच्या हंगामाला आपणही बोलावू. मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि मुकादमाचा उचलीसाठी दोनदा फोन येऊन गेलाय.