तयार चौकट आणि आपलें कर्तव्य

नाटक पाहणारास रंगभूमि दिसते. पडद्यामागील धांवपळ दिसत नाहीं. संकेतस्थळाचेंहि तसेंच आहे. वाचकाची मागणी ऐकणारें, नोंदी सांभाळणारें आणि उत्तर पाठविणारें जें अदृश्य अंग, त्यास बॅकएंड म्हणतात.

आमच्या आळींतील वाचनालयाची देवघेवीची वही संगणकावर आणावी, या हेतूनें मीं गेल्या सुटींत 'जँगो' नांवाचें फ्रेमवर्क शिकण्यास आरंभ केला. फ्रेमवर्क म्हणजे तयार चौकट. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत, लॉरेन्स गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत, २००३ सालीं एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनीं ती रचावयास घेतली; २००५ सालीं ती सर्वांस विनामूल्य खुली झाली. वृत्तपत्राच्या कामांत घाई फार; म्हणूनच वारंवार लागणारीं कामें या चौकटींत आधींच उरकून ठेविलेलीं आहेत.

'पुस्तक', 'वाचक' व 'देवघेव' या तिन्हींचें वर्णन मीं पायथन भाषेंत लिहिलें. त्यावरून नोंदींचीं कोष्टकें चौकटीनेंच तयार केलीं, व्यवस्थापकासाठीं निराळें पान दिलें, आणि वाचकांचे संकेतशब्द, मूळ शब्द उघड होऊं नयेत अशा रूपांत सांठविले.

इतकें आयतें मिळाल्यावर माझें असें काय उरलें? उरला एकच, पण महत्त्वाचा प्रश्न: कोणीं काय पाहावें? एखाद्यानें कोणतें पुस्तक नेलें, ही त्याची खाजगी गोष्ट होय. व्यवस्थापकाचें पान ओळख पटल्यावांचून उघडत नाहीं. परंतु आपण लिहिलेल्या पानास आपणच अडसर घातला नाहीं, तर तें सामान्यतः कोणासहि उघडें असतें. नुसती ओळख विचारूनहि भागत नाहीं. पानाच्या पत्त्यांतील आंकडा बदलून शेजाऱ्याची यादी पाहतां येण्याचा संभव राहतो. म्हणून ज्यानें प्रवेश केला त्यास त्याच्याच नोंदी मिळाव्या, असा नियम मीं लिहिला. आणि दोन काल्पनिक वाचक निर्माण करून, एकास दुसऱ्याची यादी दिसत नाहीं, हें पडताळून पाहिलें. त्यानंतरच खरीं नांवें भरलीं.

विद्यार्थिमित्रांनो, ही विद्या शिकण्यास मोठी सामग्री लागत नाहीं. जँगोच्या संकेतस्थळावर मतदानाचा एक छोटा पाठ विनामूल्य मिळतो. तेथून आरंभ करून मग आपल्या परिचयाचें एखादें लहान काम हातीं घ्यावें. मात्र एवढें ध्यानांत असावें: कुलूप बाजारांत मिळतें, किल्ली कोणाच्या हातीं द्यावी, हें घरधन्यानेंच ठरवावयाचें असतें.