स्वतः उघडणारे गाठोडे

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील 'परम रुद्र' हे तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. अशा बातमीत गतीचे आणि खर्चाचे आकडे ठळक असतात. महासंगणकापर्यंत पोहोचलेल्या संशोधक विद्यार्थ्याचे पहिले काम मात्र साधे असते: आपली साधने तेथे नेऊन मांडणे. सामायिक यंत्रावर त्याला प्रशासकाचे अधिकार नसतात. जे बसवायचे ते स्वतःच्या फोल्डरमध्येच. मग तो 'मिनीकोंडा'सारख्या संचाची एकच स्क्रिप्ट आणतो, कमांड लाइनवर 'बॅश' आणि फायलीचे नाव टाइप करतो, आणि त्या एका फायलीतून हजारो फायली बाहेर पडतात.

ही युक्ती चाळीस वर्षांहून जुनी आहे. तिचे मूळ नाव 'शार', म्हणजे शेल आर्काइव्ह. पुढे जावा भाषेमुळे प्रसिद्ध झालेल्या जेम्स गॉस्लिंग यांना १९८२ च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या शार प्रोग्रामचे श्रेय दिले जाते. त्या काळी ई-मेल आणि यूझनेटवरून केवळ साधा मजकूर जाई. पलीकडच्या यंत्रावर गाठोडे सोडणारा प्रोग्राम असेलच, याची शाश्वती नसे. शेल मात्र प्रत्येक युनिक्स यंत्रावर असे. म्हणून गाठ सोडण्याची रीत गाठोड्यातच लिहिली गेली.

रचना सुबोध होती. 'येथून अमुक खुणेपर्यंतचा मजकूर या नावाच्या फायलीत लिही' अशी आज्ञा आणि तिच्याखाली तो मजकूर. मजकुरातीलच एखादी ओळ शेवटची खूण समजली जाऊ नये म्हणून प्रत्येक ओळीआधी 'एक्स' हे अक्षर जोडले जाई आणि उघडताना 'सेड' ते काढून टाकी. शेवटी 'डब्ल्यूसी' अक्षरे मोजून काही गळाले नाही ना, हे पाही. आजच्या 'मेकसेल्फ'ने बांधलेल्या फायलीत वर वाचता येणारी स्क्रिप्ट असते आणि खाली संकुचित बायनरी. स्क्रिप्ट तेवढा भाग वेगळा काढून उलगडते.

या सोयीची किंमतही तिच्या रचनेतच आहे. 'टार'ची फाइल ही केवळ सामग्री असते. ती काय काढायचे, हे वापरणाऱ्याचा प्रोग्राम ठरवतो. शारची फाइल ही आज्ञा असते. ती चालवणारा आपले सारे अधिकार तिच्या हाती देतो. फायली काढता काढता तिने त्याचे प्रबंधाचे फोल्डर पुसले, तरी यंत्राच्या दृष्टीने ती केवळ सांगितलेले काम करत असते.

फाइल स्वतःची तपासणी करते, एवढ्यावर विसंबणेही पुरेसे नाही. आत ठेवलेला चेकसम वाटेत झालेली मोडतोड ओळखतो, कपट नव्हे. आतला माल बदलणारा तो आकडाही बदलू शकतो. म्हणून निर्मात्याच्या अधिकृत पानावरील 'शा-२५६' मूल्य निराळे घ्यावे, 'शा२५६सम'ने आपल्या फायलीचे मूल्य काढावे आणि दोन्ही जुळल्यावरच पुढे जावे. त्याआधी 'हेड' किंवा 'लेस' वापरून स्क्रिप्टचा वरचा भाग वाचावा. शंका उरली, तर ती रिकाम्या कंटेनरमध्ये उघडावी.

महासंगणकावर तासन्‌तास रांगेत थांबण्याची विद्यार्थ्यांना सवय असते. या वाचनाला पाच मिनिटे लागतात.