यंत्राची हांक

संगणक बिघडला म्हणजे घरांत ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "दुरुस्तीवाल्यास फोन करा", दुसरा म्हणतो, "जुनाच झाला आहे, आतां नवा घ्या." यंत्र स्वतः काय सांगत आहे तें आधीं ऐकून घ्या, असें म्हणणारा तिसरा पक्ष मात्र बहुधा कोठेंच नसतो. त्या पक्षाची बाजू आज वाचकांपुढें मांडावी असें योजिलें आहे.

आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; पुढील आयुष्य संस्कृत शिकण्यांत व शिकविण्यांत गेलें. तेव्हां आम्हीं या विषयावर लेखणी चालवावी हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या कामांत विद्युच्छास्त्रापेक्षां कान व तर्क यांचाच उपयोग अधिक होतो, आणि या दोहोंची संवय जुन्या पद्धतीनें शिकलेल्या माणसास थोडीफार असते.

यंत्राचें बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत कांहीं क्षण जातात. ते रिकामे जात नाहींत. प्रथम वीज पुरविणारी पेटी, जिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात, ती सर्व दाब ठीक असल्याची खूण देते. मग प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डावरील एका चिपेंत लिहून ठेविलेल्या सूचना वाचूं लागतो. या सूचनांस बायॉस असें नांव आहे. अलीकडील यंत्रांत त्यांची जागा यूईएफआयनें घेतली आहे. पहांटे उठून दारें, कड्या, गोठा, कोठार पाहून येणाऱ्या जुन्या कारभाऱ्याप्रमाणें हा बायॉस फेरी मारतो: मेमरी जागेवर आहे काय, चित्र काढणारें कार्ड उत्तर देतें काय, कीबोर्ड जोडलेला आहे काय. या फेरीस पोस्ट म्हणतात. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस काढला तेव्हांहि ही फेरी होती, आणि ती निर्विघ्न पार पडली कीं एक लहानसा 'बीप' होई. आतां अडचण अशी कीं, मेमरी किंवा चित्राचें कार्डच सांपडलें नाहीं, तर ती बातमी पडद्यावर लिहावयाची कशी? पडदा तर अजून आंधळाच असतो. म्हणून कारभारी ओरडून सांगतो. एक चिमुकला भोंगा वाजविण्यास फारशी सामग्री लागत नाहीं.

धूर पाहून अग्नीचें अनुमान करावें, हें तर्काच्या पहिल्या पाठांत येतें. धूर हें लिंग, अग्नि हें साध्य. बीपाच्या बाबतींत मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बीप ऐकूं आला कीं त्यावरून पहिलें अनुमान रोगाचें करावयाचें नसून आरोग्याचें करावयाचें असतें. ओरडण्यास जीव लागतो. एसएमपीएस वीज देत आहे, प्रोसेसर चालत आहे, चिपेंतील सूचना वाचल्या जात आहेत, हें सर्व त्या एका आवाजानें बहुतांशीं सिद्ध झालें. ज्या वस्तूशीं येऊन फेरी अडली, ती तेवढी संशयित. मदरबोर्डावरील एखादा खांचा बिघडलेला असूं शकेल, हें खरें. पण बीप होत असतां "सगळा बोर्डच मेला" असें बेधडक म्हणणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजण्यापूर्वीं दहा मिनिटें थांबण्यास हरकत नाहीं.

आमच्याकडे तसा प्रसंग गेल्या आषाढांत आला. आमचें घर धायरीस, धारेश्वराच्या देवळाच्या बाजूस. सिंहगड रस्त्यास इमारती उठूं लागल्यापासून उन्हाळ्यांत सिमेंटची धूळ आणि पावसाळ्यांत डोंगराकडून येणारी ओल, या दोहोंचा मुक्काम आमच्या माडीवर असतो, संगणकहि तेथेंच. तो असेंबल केलेला, बऱ्याच वर्षांचा. आमचे ज्येष्ठ बंधु हयात असतांना त्यांनीं कुलवृत्तांताचें काम हातीं घेतलें होतें. कोंकणांतील मूळ गांवापासून थेट परदेशीं गेलेल्या नातवंडांपर्यंत, सात-आठ वर्षें पत्रें पाठवून आणि घरोघर हिंडून त्यांनीं माहिती जमविली आणि स्वतः बोट शोधीत शोधीत ती या यंत्रांत टंकित केली. ज्यांनीं ती सांगितली त्यांतील निम्मे लोक आतां नाहींत. प्रत एकच, आणि ती या यंत्रांत. एके सकाळीं यंत्र चालू केलें तों पडदा काळा, आणि आंतून लांब बीप, थांबून पुन्हा लांब बीप, असें अखंड चाललें.

दुरुस्तीवाल्यानें फोनवरच निकाल दिला: मदरबोर्ड गेला, आंतला डेटाहि बहुधा गेला, नवें यंत्र घ्या. तें ऐकून आमच्या वहिनी माडीवर आल्या आणि जिन्याजवळच उभ्या राहिल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "यंत्र जाऊं दे हो. त्यांनीं लिहिलेलें तेवढें निघेल का?"

येथें मेमरी व हार्ड डिस्क यांतील भेद सांगणें अवश्य आहे, कारण बोलतांना लोक दोहोंस 'मेमरी' म्हणून मोकळे होतात. ज्या रॅमच्या पट्ट्या बायॉस तपासतो, ती शाळेंतील पाटी. काम चाललें असतांना लिहावयाची आणि वीज गेली कीं पुसली जावयाची. हार्ड डिस्क ही पोथी. पाटी फुटली म्हणून कपाटांतील पोथी जळत नाहीं. हें आम्हीं वहिनींस सांगितलें, आणि मग नातीस कागद-पेन्सिल घेऊन बसविलें.

बीप मोजतांना बहुतेक लोक फसतात तें संख्येंत नव्हे, मात्रेंत. आवाज लांब कीं आखूड, मधला विराम केवढा, हें न पाहतां "बरेच वेळां वाजलें" एवढेंच सांगतात. त्यापासून कोणासहि कांहीं बोध होणें शक्य नाहीं. वृत्तें शिकलेल्यास हें सोपें जातें. आखूड बीप लघु, लांब बीप गुरु. लघूस अर्धचंद्र व गुरूस आडवी रेघ काढावी. बायॉस करणारी अवॉर्ड नांवाची एक कंपनी होती. तिच्या संकेतांत एक लांब व दोन आखूड बीप झाले तर चित्राच्या कार्डाचा दोष समजावयाचा. गुरु, लघु, लघु: हा उघड भगणच झाला! पाणिनीय शिक्षेंत मात्रांचें माप पक्ष्यांच्या आवाजावरून दिलें आहे. चाष एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन, आणि मुंगूस अर्धी. कानानें काल मोजण्याची ही विद्या आम्ही वर्गांत शिकवीत असूं तेव्हां मुलें हंसत; नात हंसली नाहीं. तिनें कागदावर एकाखालीं एक गुरूच्या रेघा काढल्या आणि म्हणाली, "आजोबा, यांत लघु एकहि नाहीं."

आमच्या यंत्राचा बायॉस अवॉर्डचा होता, हें मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत सांपडलें. लांब बीपांची अखंड आवृत्ति म्हणजे मेमरीचा दोष, असा त्याचा संकेत. येथें पुस्तिकेस महत्त्व आहे, कारण ही भाषा सर्व यंत्रांची एक नाहीं. पांच बीपांचेंच उदाहरण घ्या. एएमआय कंपनीच्या जुन्या यादींत पांच बीप म्हणजे प्रोसेसरचा दोष. एचपीच्या कांहीं जुन्या यंत्रांत, तांबड्या दिव्याच्या पांच लुकलुकींसह, पांच बीप म्हणजे मेमरी. आणि डेलच्या पुष्कळ यंत्रांत पांच बीप म्हणजे घड्याळ जागें ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी संपली, जी कोणत्याहि घड्याळवाल्याकडे मिळते. शब्द तोच आणि अर्थ तीन! एका कंपनीची व्याप्ति दुसरीस लावणारा मनुष्य बॅटरीच्या ठिकाणीं प्रोसेसर बदलून येईल. म्हणून यंत्र कोणाचें, बोर्ड कोणता, हें आधीं पाहावें आणि त्याचाच कोश उघडावा.

आणखी एक हेत्वाभास आमच्या भागांत फार आढळतो. वीज गेली कीं टेबलाखालचा यूपीएस ठराविक अंतरानें बीप करूं लागतो, आणि त्याची बॅटरी संपत आली किंवा भार जास्त झाला कीं घाईघाईनें अथवा सलग वाजतो. संगणकाची म्हणून कित्येक जण ही यूपीएसची भाषा मोजीत बसतात. संशय असल्यास यंत्राची दोरी यूपीएसमधून काढून सरळ भिंतींतील सॉकेटांत लावावी आणि आवाज कोणाचा तें ठरवावें.

असो. पुतण्यानें यंत्राचें बटण बंद करून दोरी भिंतींतून काढली, नंतर बटण कांहीं सेकंद दाबून धरलें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट उघडल्यावर आंतल्या भागांस हात लावण्यापूर्वीं त्याच्या धातूच्या अंगास स्पर्श करावा, कारण आपल्या देहांतील स्थिर विजेनें चिपा मरतात. एसएमपीएसची पेटी मात्र घरीं कधींहि उघडूं नये. दोरी काढल्यावरहि तिच्यांत धक्का देण्याजोगी वीज शिल्लक राहते. आंत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढून त्यांच्या सोनेरी दांत्यांवरून स्वच्छ खोडरबर हलकेंच फिरविला, चुरा झाडून टाकला आणि पट्ट्या परत बसविल्या. ओलीनें व धुळीनें मळलेले दांते एवढ्यानेंच पुष्कळदां सुधारतात. आमचे सुधारले नाहींत. गुरूंची माळ पुन्हा सुरू झाली.

मग अन्वय-व्यतिरेकाचा आश्रय केला. पहिली पट्टी एकटी पहिल्या खांच्यांत ठेविली: लांब बीप. दुसरी एकटी त्याच खांच्यांत ठेविली: क्षणभर शांतता, एक लघु बीप, आणि पडद्यावर अक्षरें. खांचा तोच राहून पट्टी बदलतांच फळ बदललें, तेव्हां दोष खांच्याचा नव्हे. पहिली पट्टी दुसऱ्या खांच्यांतहि घालून पाहिली. तेथेंहि लांब बीप. पट्टीच मेलेली, हें आतां कोणीं नाकारावें असें राहिलें नाहीं. एका वेळीं एकच वस्तु बदलावयाची, हा या कामांतील सर्व शिस्तीचा गाभा आहे. दोन वस्तु एकदम बदलून यंत्र सुरू झालें, तर यंत्र मिळतें पण ज्ञान मिळत नाहीं.

एका पट्टीवर यंत्र रडतखडत चाललें, पण चाललें. त्याच दुपारीं कुलवृत्तांताच्या सर्व फायली सूनबाईंनीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरवून घेतल्या आणि वहिनींसाठीं छापून काढावयास आरंभ केला. दुसऱ्या दिवशीं पुतण्या मेलेली पट्टी खिशांत घालून स्वारगेटच्या बसनें निघाला आणि तापकीर गल्लींतून तशीच दुसरी घेऊन आला. नमुना बरोबर नेणें बरें, कारण रॅमच्या पिढ्या निरनिराळ्या असून एकीची खांच दुसरीशीं जुळत नाहीं.

वरील सर्व कथा बोलक्या यंत्राची झाली. हल्लींचीं बरींचशीं यंत्रें मुकीं आहेत. बोर्डावर भोंगाच नसतो. कांहीं बोर्डांवर त्यासाठीं चार खिळ्यांची जागा मोकळी ठेविलेली असते, आणि तेथें लावण्याचा बझर अगदीं स्वल्प किंमतीस मिळतो. तो लावून घ्यावा असें आमचें मत आहे. भोंग्याऐवजीं आतां दिवे आले आहेत. पुष्कळ बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए व बूट असे चार बारीक दिवे एका रांगेंत असतात. सुरू होतांना ते क्रमानें लागून विझतात. जो लागून राहतो, त्याच्यापाशीं कारभाऱ्याची फेरी अडली असें समजावें. बांधीव यंत्रांत बटणाचाच दिवा दोन रंगांनीं लुकलुकतो. एचपीच्या अलीकडील यंत्रांत तीन तांबड्या व दोन पांढऱ्या लुकलुकी म्हणजे मेमरी. डेलच्या यंत्रांत पिंवळट व पांढरा यांची अशीच जोडी असते. मोजतांना रंग बदलला तो क्षण ध्यानांत ठेवावा आणि निदान दोन आवर्तनें मोजावीं. बटणाचा दिवा सावकाश एका लयींत कमीजास्त होत असेल, तर तें दुखणें नव्हे. यंत्र निजलें आहे.

दिवा नाहीं, पंखा नाहीं, आवाज नाहीं, अशी सर्वस्वीं शांतता असेल तर चौकशी भिंतीपासून सुरू करावी: सॉकेट, दोरी, यूपीएस, एसएमपीएसच्या पाठीवरील लहान बटण. पंखा फिरतो पण पडदा काळा असेल, तर कीबोर्डावरील नम लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आंत जागें असून दोष बहुधा पडद्याकडे किंवा त्याच्या केबलीकडे आहे.

हार्ड डिस्कमधून येणारी टक-टक मात्र बीपांच्या कोशांत शोधूं नये. ती कोणी दिलेली खूण नसून आंतील अवयव अडखळल्याचा आवाज आहे. ती ऐकूं येतांच यंत्र बंद करावें आणि 'आतां तरी लागतें का पाहूं' म्हणून पुन्हा पुन्हा चालू करूं नये. प्रत्येक खेपेस पोथीचीं आणखी पानें फाटण्याचा संभव असतो. तेथें खोडरबराचें काम नाहीं, डेटा काढून देणाऱ्या जाणत्याचें आहे.

नातीनें त्या दिवशींच्या कागदाची पुढें एक वही केली आहे. तींत घरांतील तिन्ही यंत्रांच्या बोर्डांचीं नांवें, त्यांचे बीप लघु-गुरूंच्या खुणांत, आणि यूपीएसचें पान वेगळें, असें सर्व लिहिलें आहे. वही पडद्याच्या मागें खिळ्यास टांगलेली असते.