उत्तनच्या खडकांवर भरलेला वर्ग

आमच्या चाळीत कुणाचाही कागद असो, तो आधी आमच्या घरी येतो. रेशनकार्डात नाव चढवायचे असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की जातीचा दाखला. कारकुनी करता करता केस पिकायला लागले, तेव्हा कागदाची भीती आम्हाला राहिलेली नाही. पण गेल्या नोव्हेंबरात समोरच्या वहिनी जो कागद घेऊन आल्या, तो निराळा होता. वर छापले होते, 'अभ्याससहल : पालकांचे संमतिपत्र'.

वहिनींची थोरली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय प्राणिशास्त्र. तिच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ आहे. महिन्यातून एक-दोन रविवारी ही मुले शिक्षकांसोबत कुठेतरी जातात, कधी खाडीवर, कधी रानात, कधी समुद्रावर. वर्गणी दीडशे रुपये. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शिकायला कॉलेज आहे ना? मग समुद्रावर कशाला जायचं? पोरीची जात. पाण्याचं काय भरोसं नाही. आणि दीडशे रुपये वर."

मुलगी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. आम्ही बी.कॉम.ची माणसे, खेकड्याला किती पाय असतात हेही आम्हाला धड सांगता येणार नाही. तरी आम्ही म्हटले, "वहिनी, आम्हीच सोबत जातो. पाहून येतो. मग तुम्ही ठरवा." मंडळाच्या सरांना विचारले तर ते आनंदाने म्हणाले, "या ना. पालक कधी येतच नाहीत." जाताना एकच सूचना दिली. जुन्या, पकड असलेल्या चपला घाला आणि वेळ चुकवू नका, कारण समुद्र कुणासाठी थांबत नाही.

वेळेचे कारण नंतर कळले. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते तशी ओहोटीही मोठी लागते. पाणी पार आत जाते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत ओहोटी सकाळी सहा-सातच्या सुमारास येते, आणि पुढे रोज साधारण पन्नास मिनिटांनी सरकते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसे आत जात नाही. म्हणून मंडळाची सहल कॅलेंडरातली तिथी बघून ठरते. तिथी बघण्याचा हा उपयोग आम्हाला आवडला.

भाईंदर पश्चिमेहून अंधारातच बस धरली. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे पडली. रस्त्याच्या कडेला मिठागरांचे बांध दिसत होते. ज्यांनी भाईंदर जुने पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की हे मूळचे मिठाचे, भाताचे आणि मासळीचे गाव. एक लीटर समुद्राच्या पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असते. ते पाणी खाजणात घ्यायचे, बांधाबांधाने एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हाने आटवायचे आणि मग मीठ ओढायचे. भर उन्हाळ्यातले, तळपाय फोडणारे काम. आता इमारतींनी बराच भाग वेढला आहे. पण सरांनी बसमधूनच दाखवले, की या उथळ पाण्यात हिवाळ्यात लांब पायांचे शेकाटे येतात, तुतवार येतात, कधी रोहित पक्षीही उतरतात. आम्ही वर्षानुवर्षे या रस्त्याने येतो-जातो. आम्हाला मात्र आजवर फक्त बिल्डरांच्या जाहिरातीच दिसल्या होत्या.

डोंगरी ओलांडून उत्तनला उतरलो तेव्हा उजाडत होते. कोळीवाड्यात बायका जाळी आणि टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील एकमेकांत अडकवून वाळत घातले होते. पलीकडे चौकला जुन्या धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, म्हणजे १७३७ ते १७३९ या काळात, या बेटासाठी लढाया झाल्या. पण आमच्या मुलांचे लक्ष किल्ल्याकडे नव्हते. ती खाली खडकांकडे निघाली.

खडकावर जाण्यापूर्वी सरांनी तीन नियम सांगितले. दगड उलटला तर तो जसा होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खाली कुणाचे तरी घर असते. कोणताही जिवंत प्राणी घरी न्यायचा नाही. आणि शिटी वाजली की जे हातात असेल ते सोडून किनाऱ्याकडे फिरायचे. पाणी समोरूनच येते असे नाही. मागच्या घळीतून आधी भरते आणि माणूस खडकावर अडकतो.

पुढचा दीड तास कसा गेला हे कळले नाही. किनाऱ्याकडच्या खडकावर बारीक, धारदार शंकूसारखे काही चिकटलेले होते. आम्हाला ते दगडाचेच खवले वाटले. सर म्हणाले, हे प्राणी आहेत. दिवसातून कित्येक तास कोरडे राहतात, तेव्हा दार घट्ट लावून आतले पाणी जपतात. थोडे खाली कालवे. त्याखाली, जिथे पाणी जेमतेम सुटते, तिथे डबक्यात समुद्रफुले उमललेली. फूल म्हणायचे, पण तो प्राणी आहे. बोटाची सावली पडली तसा तो मिटला. शंखात राहणारा खेकडा पाहिला. शंख त्याचा नाही, मेलेल्या गोगलगायीचा आहे. अंग वाढले की त्याला मोठे घर शोधावे लागते. आमच्या शेजारी उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे आमच्यासारखाच. दर अकरा महिन्यांनी घर बदल." सगळे हसले. त्या हसण्यात भाड्याने राहणारी मुले किती, हे आमच्या लक्षात आले.

सरांनी खडकावरच्या कालवाकडे बोट दाखवून विचारले, "याला स्थानिक नाव काय?" कुणाला सांगता येईना. आमची मुलगी पुढेच होती. तिने इंग्रजी नाव सांगितले, शास्त्रीय नावही सांगितले, आणि गप्प झाली.

परतीच्या बसमध्ये ती आमच्या शेजारी बसली. म्हणाली, "काका, मला माहीत होतं. कालवं. आई महाडकडची, सावित्रीच्या खाडीवरची. लहानपणी ती कालवं फोडायला जायची, निवट्या धरायची. पण मी बोलले असते तर सगळे म्हणाले असते, ही चिखलातलं खाते." आम्हाला काय बोलावे सुचेना. ज्या आईने आठ घरची धुणीभांडी करून हिला विज्ञान शाखेत घातले, तिच्याजवळ या विषयाचे ज्ञान होते. आणि लेक ते लपवत होती. ही लाज तिची एकटीची नाही. गावातून काहीच न घेता निघालो, असे शहरात दाखवण्याची सवय आपणही लावून घेतली आहे.

घरी आल्यावर आम्ही वहिनींना खर्चाचा हिशेब दिला, कारण तो आमचा धर्म. बसभाडे, चहा, नाश्ता, सगळे धरून दीडशेतले बारा रुपये उरले होते. मग म्हटले, "पुढची सहल जेसल पार्कच्या खाडीवर आहे. आपल्याच भाईंदरात, चालत जाण्यासारखी. या वेळी तुम्ही चला." वहिनी म्हणाल्या, "मी काय करू तिथं? मला काय कळतंय?" पण रविवारी त्या आल्या. डोक्यावरून पदर घेऊन, सगळ्यांच्या मागे.

खाडीवर पाणी उतरले होते. समोर नायगावकडे जाणारा रेल्वेचा पूल, खाली चिखल, आणि कडेने तिवरांची दाटी. सरांनी दाखवले, की तिवराच्या मुळ्या चिखलातून पेन्सिलीसारख्या वर आल्या आहेत. चिखलात हवा नाही म्हणून झाड वर नाक काढून श्वास घेते. पानाच्या मागे मिठाचे बारीक कण लागतात, कारण नको असलेले मीठ झाड पानावाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे खाली पडून चिखलात उभे राहते. पांढरी चिप्पी ही २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. या मुळ्यांच्या जाळ्यात कोळंबीची आणि माशांची पिले वाढतात. १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद ठेवतात ती मासळीच्या विणीसाठी. पण विणून झालेल्या पिलांना पाळणाघर हवे, ते इथे असते.

तेवढ्यात चिखलावर एक निवटी उडी मारून गेली. मासा असून चालणारी. कल्ल्यांजवळ पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते. मुले वह्या काढून चित्र काढू लागली. एकाने विचारले, "सर, हिचं बीळ केवढं खोल असेल?" आणि मागून वहिनींचा आवाज आला, "त्याला दोन तोंडं असतात."

सगळे वळले. वहिनी जराशा गोंधळल्या, पण मग पदर खोचून पुढे आल्या. "एक तोंड पायाने दाबायचं. दुसऱ्यात हात घालायचा. हात सरळ नाही जात, वळवावा लागतो. पावसाळ्यात बिळं खोल असतात." सर म्हणाले, "पुस्तकात हेच आहे. बिळाला एकाहून जास्त तोंडे असतात. पण हात कसा वळवायचा हे पुस्तकात नाही." त्यांनी वहिनींना आणखी विचारले. कोणत्या महिन्यात जास्त मिळतात, मादी कशी ओळखायची, आता गावी मिळतात का. शेवटच्या प्रश्नावर वहिनी म्हणाल्या, "आता नाय तेवढ्या." मुलीने वहीत सगळे लिहून घेतले. आम्ही डोकावून पाहिले. दिनांक, ठिकाण, स्थानिक नाव, आणि शेवटी एक रकाना, 'माहिती देणाऱ्याचे नाव'. तिथे तिने आईचे पूर्ण नाव लिहिले होते.

त्याच खाडीच्या कडेला एका बाजूची तिवरे वाळून उभी होती. जवळ गेलो तर विटांचे तुकडे, प्लास्टर, फुटक्या टाइल्स. भराव टाकला की भरतीचे पाणी आत येत नाही, आणि झाड कुऱ्हाड न लावता मरते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडण्यास आणि त्यावर भराव टाकण्यास मनाई केली. २०१८ च्या निकालात, कांदळवनाचा नाश हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कावरच घाला आहे असे सांगितले. तरी भराव पडतोच. दोष मात्र खाडीकाठच्या झोपड्यांवर ढकलला जातो. आम्ही नम्रपणे विचारतो, टाइल्स कुणाच्या घरात बसतात? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा सखल भागातल्या कुणाच्या घरात किती पाणी शिरले, ते आपल्याला सांगायला नको. खाडीची जागा गेली की पाणी आधी आपल्याच उंबऱ्यात येते. म्हणून हा विषय केवळ पक्षी बघणाऱ्यांचा नाही.

जानेवारीत मंडळ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला गेले. कान्हेरीला आपण सर्वजण जातो. लेण्यांसमोर हात जोडतो, डबा खातो, परत येतो. या वेळी मुलांनी आम्हाला खडकात खोदलेले पाण्याचे पाट दाखवले. डोंगरावर पडणारा पाऊस त्या पाटांतून लेण्याजवळच्या टाक्यांत उतरतो. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. शंभराहून अधिक लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंनी डोंगराचे पाणी असे जपले होते. मुलांनी एका टाक्यातले पाणी थेंबभर काचेवर घेऊन भिंगाखाली पाहिले. वहिनींनीही पाहिले. "हे हलतंय काय?" असे म्हणून त्या दचकल्या, आणि मग पुन्हा पाहिले.

आता मंडळाची चार दिवसांची सहल रत्नागिरीला आहे. तिथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, ते मुलांना पाहायचे आहे. आपल्या वर्सोव्यालाही १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. या वाटेने पदव्युत्तर शिक्षण होते, संशोधन होते, सरकारी मत्स्यखात्यातल्या नोकऱ्या आहेत. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो. आपल्या घरांत विज्ञान म्हणजे डॉक्टर किंवा इंजिनिअर एवढेच माहीत. ते नाही जमले तर मूल नापास, असे आपण धरून चालतो. ते बरोबर नाही.

या वेळचे संमतिपत्रही आमच्याकडेच आले. आम्ही सवयीने पेन काढले. वहिनी म्हणाल्या, "वाचून दाखवा फक्त. सही मी करते." साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरे त्यांनी सावकाश, एकेक जोडून काढली. नंतर मुलीला म्हणाल्या, "चार दिवस चाललीस. तिथल्या निवट्या आपल्यासारख्याच आहेत का ते बघून ये."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातल्या मुला-मुलीने असा कागद आणला तर नुसता खर्च पाहून तो परत करू नका. एकदा स्वतः सोबत जा. जुन्या चपला घाला आणि शिटी वाजली की परत फिरा, एवढेच लक्षात ठेवा.