गेम खेळायला सत्तर हजार कशाला?

आज राजकारण नाही. म्हणजे थोडं आहे, पुढं येईलच.

आपल्याकडं ‘गेम’ हा शब्दच बदनाम झालाय. पोरगं गेम खेळतंय म्हटलं की दोनच चित्रं डोळ्यापुढं येतात. एक, मोबाइलवर रमीत पैसे घालवून बसलेला. दुसरं, रंगीत लाइटवाल्या लॅपटॉपसाठी बापाच्या मागं लागलेला. तिसरं चित्र माझं आहे. रात्री पान छपाईला गेलं की मी अर्धा तास गेम खेळतो. बातम्या टाइप करायच्या सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर. पैसे लावत नाही, कुणाशी भांडत नाही. डोकं शांत होतं, झोप लागते.

हे सांगायचं कारण असं, की ओळखीचे एक काका परवा बाजार समितीत भेटले. म्हणाले, “पत्रकार, जरा सांगा बरं. पोराला डिप्लोमाला ॲडमिशन मिळालीय. दुकानदार म्हणतो गेमिंगचाच लॅपटॉप घ्या, सत्तर हजार, हप्ता बसवून देतो. पोरगं म्हणतं साध्यावर काहीच चालत नाही, त्यात ग्राफिक कार्ड नसतं. खरंय का?”

सत्तर हजार म्हणजे किती, ते आपल्या मापानं मोजू. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो पूर्ण मिळाला तरी तेरा क्विंटलच्या वर. चांगल्या वर्षाचं दोन एकराचं पीक, तेही बियाणं, फवारणी, मजुरी न वजा करता. आणि तो भाव बाजारात किती जणांच्या हाती पडतो, ते मी वेगळं सांगायला नको.

आता पोराच्या बोलण्यातलं खरं-खोटं. साध्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड नसतं, हे खरं. पण ग्राफिक्सच नसतं, हे खोटं. ती सोय प्रोसेसरच्या आतच असते. वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते, हिला नसते. ही लॅपटॉपच्या रॅममधूनच आपला वाटा घेते. एकत्र कुटुंबासारखं आहे, ताट एकच. म्हणून अशा लॅपटॉपला रॅम महत्त्वाची. आठ जीबीची एकच स्टिक असेल आणि दुसरीसाठी जागा असेल, तर ती बसवून घ्या. दोन वाटांनी डेटा यायला लागला की गेममध्ये फरक लगेच कळतो. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की असते, तेवढं आधी विचारा.

दुसरा उपाय फुकट आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. दर वेळी काढायचे ठिपके साधारण २० लाख ७४ हजारांवरून ९ लाख २२ हजारांवर येतात, म्हणजे निम्म्याहून कमी. सावल्या बंद करा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची हवेची जाळी झाकते आणि तापला की तो आपोआप मंदावतो. बस, एवढंच.

खेळायचं काय? मी ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळतो. २०१६ चा गेम, एका माणसानं चारेक वर्षं खपून एकट्यानं केलेला. कमीत कमी २ जीबी रॅम मागतो. एकदाच पैसे द्यायचे, पाचशेच्या आसपास. एकदा उतरवून घेतला की नेट नसलं तरी चालतो. ‘सुपरटक्सकार्ट’ची गाड्यांची शर्यत आणि ‘झिरो ए.डी.’ची राज्याची लढाई, दोन्ही कायदेशीर फुकट. १९९९ चा मूळ ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ तर आजच्या कुठल्याही लॅपटॉपला हलका. बुद्धिबळाला कार्ड कधी लागलंच नाही.

गंमत म्हणजे ‘स्टारड्यू’ शेतीचाच गेम आहे. तिथं टीव्हीवर उद्याचा पाऊस सांगतात आणि तो पडतोच. पीक पेटीत टाकलं की ठरलेला भाव सकाळपर्यंत खात्यात. आमच्या तालुक्यातला माणूस हा गेम का खेळतो, हे आता कळलं असेल!

आता ते थोडं राजकारण. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावायचे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. माझ्या मते बरं झालं. पण त्याच कायद्यात पैशाचे गेम वेगळे, ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम वेगळे धरलेत. सरकारनं केलेला हा भेद आपण घरात करत नाही. पोरगं शर्यत खेळो की रमी, शिवी एकच. मग ते लपून खेळतं, आणि लपून खेळताना काय खेळतंय ते आपल्याला कळतच नाही.

काकांना म्हणालो, अभ्यासक्रमात थ्री-डी डिझाइन असं जड काम आहे का ते आधी कॉलेजात विचारा. असेल तर कार्डाचा विचार करा. नसेल तर तीस-चाळीस हजारांचा साधा घ्या, रॅम वाढवता येईल असा. आजचे नवे मोठे गेम त्यावर चालणार नाहीत, हेही पोराला स्पष्ट सांगा. खोटं सांगू नका.

मग पोराशी बोललो. सगळं ऐकून घेतलं त्यानं. शेवटी हळूच म्हणाला, “सर, होस्टेलवर सगळ्यांकडं तसलाच असतो.”

म्हणजे प्रश्न ग्राफिक कार्डाचा नव्हताच. लाज वाटण्याचा होता. त्या लाजेवर हप्त्याचं दुकान चालतं, आणि हप्ता बापाच्या सोयाबीनमधून जातो. त्याला एवढंच म्हणालो, “बाळा, साधा लॅपटॉप घेऊन जा. शर्यतीचा गेम त्यात टाक आणि त्या सगळ्यांना खेळायला बोलव.” तो हसला. घेईल की नाही, माहीत नाही.

तुमच्या घरात पण ही चर्चा चालू असेल तर दुकानात जायच्या आधी पोराला एकदा जवळ बसवा. त्याला काय खेळायचंय ते विचारा. आणि जमलं तर अर्धा तास स्वतः खेळून बघा.