दुखतं कुठं, उगम कुठं

1 किलोचा दाब नेमका किती असतो, हे बोटांना शिकवायचं तर वजनकाटा लागतो. तंजावरला दंतवैद्यांसाठी घेतलेल्या, जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या दुखण्यावरच्या कार्यशाळेत आम्ही प्रत्येक टेबलावर स्वयंपाकघरात असतात तसले डिजिटल काटे ठेवले होते. तर्जनी आणि मधलं बोट काट्यावर टेकवायचं, आकडा 1 किलोवर आणायचा, दोन सेकंद तिथंच धरायचा आणि सोडायचा. मग आकड्याकडे न बघता तेच पुन्हा करायचं. समोर कुंभकोणम, तिरुवारूर, पट्टुकोट्टै इथले दवाखाने बंद ठेवून आलेले दंतवैद्य होते. वर्षानुवर्षं दाढा काढलेले हे हात, पण पहिल्या खेपेला कुणी निम्म्यावरच थांबलं, कुणी दुपटीच्या पुढं गेलं. दुपारपर्यंत मात्र बहुतेकांची बोटं न बघताही आकड्याच्या जवळ थांबू लागली.

एवढा खटाटोप कशासाठी, असं एका तरुण डॉक्टरनं विचारलंच. जबड्याच्या सांध्याच्या विकारांचे जगभर वापरले जाणारे निकष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत गालावरचा मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरॅलिस हे स्नायू 1 किलोच्या दाबानं तपासायला सांगितले आहेत, आणि कानापुढं लागणारं सांध्याचं टोक अर्ध्या किलोनं. कमी दाबलं तर दुखरी जागा हाती लागत नाही, जास्त दाबलं तर धडधाकट माणूसही कळवळतो. दाबल्यावर विचारायचा प्रश्न तर दाबाहूनही मोलाचा: ‘हे दुखणं तुमचं रोजचंच, ओळखीचं आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तरच ती खूण निदानात धरायची.

दुसऱ्या सत्रात जवळच्याच कॉलेजात शिकणारा एक मुलगा पेशंट म्हणून आला. खालची डावी दाढ दुखते, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, ही त्याची तक्रार. एक्स-रेत दाढ स्वच्छ. थंड पाणी लावलं, वरून ठोकून पाहिलं, तरी दाढेची काही तक्रार नाही. एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरनं त्याचा मॅसेटर नुकत्याच शिकलेल्या दाबानं दाबला, पाच सेकंद धरून ठेवला, आणि मुलगा एकदम म्हणाला, हीच ती दाढ, आत्ता दुखली. बोट गालावर होतं, दुखली दाढ. टेम्पोरॅलिस असंच दुखणं वरच्या दातांत पाठवतो. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण स्वतःच्या बोटाखाली घडलं की पुढच्या पेशंटच्या वेळी हात आपोआप आधी गालाकडे जातो. त्या मुलाला रूट कॅनालची गरज नव्हती. दिवसभर ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायची सवय, गरम शेक, काही दिवस मऊ अन्न, जबड्याचे साधे व्यायाम, आणि लागलाच तर रात्री घालायचा अ‍ॅक्रिलिकचा स्प्लिंट, एवढ्यावर असे बहुतेक पेशंट सुधारतात. चावा जुळवण्याच्या नावाखाली निरोगी दात घासून कमी करू नयेत, हे मी तिथं वारंवार सांगितलं.

मी महाराष्ट्रात मुखरोगनिदान शिकवतो. आपल्याकडे बीडीएसच्या अभ्यासक्रमात हा सांधा तुकड्यातुकड्यांनी येतो: पहिल्या वर्षी शरीररचनेत, नंतर कवळ्यांच्या विषयात, मग शस्त्रक्रियेत निखळलेला जबडा बसवताना. दंतवैद्यकाच्या नऊ एमडीएस शाखा आहेत, त्यांत चेहऱ्याच्या वेदनेची स्वतंत्र शाखा नाही. अमेरिकेतही तिला विशेष शाखेचा दर्जा मिळायला 2020 उजाडलं. पेशंट मात्र कुठल्याही तालुक्यात ‘दाढ दुखते’ म्हणत आधी दंतवैद्याकडेच येतो, आणि त्या दंतवैद्याच्या हाती बहुधा दातांचीच हत्यारं असतात.

तिरुवैयारूकडच्या एक बाई आल्या होत्या. उजवीकडच्या खालच्या दाढा एकेक करून काढलेल्या, दुखणं जसंच्या तसं. आमचे यजमान तंजावरचेच, पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारे दंतवैद्य. ते बाईंचं तमिळ मला मराठीत सांगत होते. तोंड धुताना, घास चावताना, बसच्या खिडकीतून वारा लागला तरी शॉक बसल्यासारखी कळ येते, काही सेकंदांत जाते, मध्ये काहीच नसतं. सांगता सांगता त्या वाक्याच्या मध्येच थिजल्या, हात नाकाच्या बाजूला नेला, पण चेहऱ्याला लागू दिला नाही. तेवढ्यात निदान जवळजवळ झालं होतं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचं दुखणं. मेंदूजवळ या नसेच्या मुळावर बहुधा एखादी रक्तवाहिनी दाबत असते. त्यांना एमआरआयसाठी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. यावरचं नेहमीचं औषध कार्बामॅझेपिन. ते लहान डोसनं सुरू करून हळूहळू वाढवतात, रक्ताच्या तपासण्या ठेवतात आणि अंगावर पुरळ दिसलं तर ताबडतोब डॉक्टरांना गाठायला सांगतात. बाईंनी विचारलं, दाढा चांगल्या होत्या का हो? आता ते कुणालाच सांगता येणार नाही. कळ किती वेळ टिकते आणि कशानं सुरू होते, हे दोन प्रश्न पहिल्या दाढेआधी विचारले गेले असते तर निदान शंका तरी आली असती. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो.

संध्याकाळी यजमान मला राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालयाकडे घेऊन गेले. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी धन्वंतरी महालात वैद्यकाचा अभ्यास चालवला. त्यांच्या काळातल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी आजही टिकून आहेत, त्यांत रोग्याच्या डोळ्यांची चित्रंसुद्धा आहेत. तक्रार काय, दिसलं काय, केलं काय, हे दोनशे वर्षांपूर्वी या गावात लिहून आणि काढून ठेवलं जात होतं. दुसऱ्या दिवशी मी प्रशिक्षणार्थींना चेहऱ्याची कोरी रेखाकृती दिली आणि ती पेशंटकडून रंगवून घ्यायला सांगितली: जिथं जिथं दुखतं तिथं तिथं. हा 2014 च्या निकषांबरोबर येणाऱ्या साधनांचाच एक भाग आहे. त्यातच झोप, चिंता, उदासी यांचे प्रश्नही येतात. जबडा आवळून दिवस काढणाऱ्या माणसाला ते विचारले नाहीत तर तपासणी अर्धीच राहते.

शेवटचं सत्र धोक्याच्या खुणांचं घेतलं. तोंड उघडत नाही म्हणून सांध्यावर ठपका ठेवण्याआधी गालाच्या आतून बोट फिरवायचं. सुपारी, मावा खाणाऱ्यांच्या गालात पांढुरके ताठ पट्टे लागतात. तो सबम्युकस फायब्रोसिस, पुढं कर्करोगाकडे जाऊ शकणारा. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा जबडा चावता चावता भरून येत असेल आणि कानशील नव्यानं दुखू लागलं असेल, तर ती धमनीची सूज असू शकते. उशीर झाला तर दृष्टी जाते. चालताना, जिना चढताना जबडा दुखून बसल्यावर थांबत असेल, तर आधी हृदय तपासायचं. आणि सांधा नुसता टकटक वाजतो, पण दुखत नाही, तोंड नीट उघडतं, तर त्याला हातही लावायचा नाही. पेशंटला धीर द्यायचा.

ज्यांची दाढ दुखते आहे पण एक्स-रेत काही सापडत नाही, त्यांना माझी विनंती आहे. दाढ काढायला होकार देण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून पाहिलेत का? दाढेला भूल दिल्यावर दुखणं पूर्ण थांबतं का? भूल नीट चढूनही ते थांबत नसेल, तर उगम बहुधा दुसरीकडे आहे. तो सापडेपर्यंत दाढ काढू देऊ नका.