आवाज येतो, शब्द येत नाहीत

गेल्या हिवाळ्यात इशाची नमाज आटोपून घरी आलो, तर अम्मी ओसरीवर फोन कानाला लावून बसली होती. कुणाचा फोन असेल म्हणून मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिनेच फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या अब्बांची कॅसेट ऐकत होते. आवाज येतो रे, पण शब्द येत नाहीत."

आमच्या घरात आम्ही कोकणी बोलतो. अम्मीचं बोलणं इथे मराठीत देतोय, पण वाक्य तिचंच आहे. ते डोक्यातून जाईना. अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा आवाज तिच्या हातात होता आणि तिला तो समजत नव्हता. एका लहानशा यंत्राबद्दलचा हा लेख त्या वाक्यापासून सुरू होतो.

कॅसेटची गोष्ट आधी सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक मुस्लिम घरांसारखं आमचं घरही आखाताच्या पैशांवर उभं राहिलं. अब्बा दहा-अकरा वर्षं दम्मामला होते. अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ते दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागे, आणि दुसऱ्याच्या तोंडून नवऱ्याचं पत्र ऐकायला तिला संकोच वाटे. यावर अब्बांनी उपाय काढला. पहिल्या सुट्टीत त्यांनी एक टू-इन-वन आणला. आमचं घर मशिदीजवळ. आजोबांनी विचारलं, "यात गाणी वाजवणार का?" अब्बा म्हणाले, "नाही, मी बोलणार." तेव्हापासून पत्राऐवजी कॅसेट येऊ लागल्या. साठ मिनिटांची कॅसेट, तीस मिनिटांच्या दोन बाजू. गावाकडे सुट्टीवर येणारा कुणी ना कुणी ती घेऊन यायचा. अम्मी आधी दार लावून एकटी ऐकायची आणि मग आम्हा भावंडांना बोलवायची.

अशा एकवीस कॅसेट आहेत. २००९ साली मी त्या शहरातल्या एका दुकानात देऊन एमपीथ्री करून आणल्या आणि मूळ कॅसेट पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. काम झालं असं मला वाटलं होतं.

अम्मीने ते वाक्य बोलल्यावर दुसऱ्या दिवशी मी चांगले कानभर बसणारे हेडफोन आणले. फोनला लावायला गेलो तर पिन लावायला जागाच नाही. आयफोनने २०१६ साली हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि हळूहळू बाकीच्यांनीही तेच केलं. माझ्या नव्या फोनलाही नव्हतं. एसटी स्टँडसमोरच्या टपरीवरून दीडशे रुपयांचं एक कनेक्टर आणलं. एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक. लावलं, तर आवाज फोनच्याच स्पीकरमधून येत राहिला. टपरीवाला म्हणाला, "सर, तुमच्या फोनला डॅकवालं लागेल."

डॅक म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. पण न समजलेली गोष्ट वर्गात सांगता येईल इतकी समजून घ्यायची, ही बी.एड.पासूनची सवय. त्यामुळे जे समजलं ते सांगतो.

फोनमध्ये आवाज नसतो, आकडे असतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने जे माप घालून दिलं ते आजही चालतं. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाच्या लाटेची उंची मोजायची आणि प्रत्येक वेळी ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर लिहायची. माणसाचा कान फार तर सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजलं की लाट पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. हे आकडे वाचून त्यांची पुन्हा विजेची लाट करणारी चिप म्हणजे डॅक. तिच्यासोबत एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, तो त्या लाटेला हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देतो. उर्दूच्या तासाला मी नेहमी सांगतो की लिपी म्हणजे भाषा नव्हे, कुणीतरी ती मोठ्याने वाचावी लागते. डॅक म्हणजे तो वाचणारा.

तो प्रत्येक फोनमध्ये असतोच, नाहीतर स्पीकर वाजलाच नसता. काही फोन टाइप-सीच्या भोकातूनही तयार लाट बाहेर देतात, त्यांना दीडशे रुपयांचं कनेक्टर चालतं. माझ्यासारखे फोन त्या भोकातून फक्त आकडे देतात. मग वाचणारा वायरीतच असावा लागतो. बोटाच्या पेराएवढ्या त्या जाडसर तुकड्यात चिप आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बसवलेले असतात. ब्लूटूथ हेडफोनला याचा काही उपयोग नाही, कारण त्यांच्या पोटात त्यांचा स्वतःचा डॅक असतो.

मी हजाराच्या आतला एक डॅक मागवला. तो लावून आधी शाळेच्या लॅपटॉपवर ऐकलं. त्या लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून कायम एक बारीक किरकिर यायची, माउस हलवला की वाढायची. संगणकाच्या आतल्या विजेच्या धावपळीचा तो आवाज लाटेत मिसळत असे. डॅक लावला आणि किरकिर गेली. मला वाटलं, जिंकलो.

मग फोनला लावून अम्मीच्या कानावर हेडफोन ठेवले. तिने मिनिटभर ऐकलं आणि मान हलवली. "मोठा झालाय आवाज. शब्द तसेच."

त्या रात्री मी स्वतः ऐकलं. तिचं खरं होतं. अब्बा जणू तोंडावर रजई घेऊन बोलत होते. डॅक आपलं काम चोख करत होता, पण फाइलमध्ये जे नव्हतंच ते तो कुठून वाचणार? या यंत्रांच्या जाहिराती नेमकं हेच सांगत नाहीत. आवाजाच्या साखळीत पहिली कडी मूळ रेकॉर्डिंगची, दुसरी फाइलची, तिसरी डॅकची आणि हेडफोन सगळ्यात शेवटी. मागच्या कडीत जे सुटलं ते पुढची कडी परत आणत नाही. दुकानदाराने २००९ मध्ये फाइल लहान व्हावी म्हणून आवाज फार दाबला होता. त्यात वरचे बारीक स्वर गेले होते.

ते गेले की काय होतं हे भाषेच्या शिक्षकाला लगेच कळतं. 'आ', 'ओ' यांसारख्या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. 'स', 'श', 'फ', उर्दूतले 'ख़' आणि 'ज़' हे घर्षणाचे आवाज, त्यांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत. जुन्या टेलिफोनवरून सेकंदाला सुमारे ३,४०० कंपनांच्या वरचं काही जातच नसे, म्हणून नाव सांगताना 'स सशाचा' असं म्हणावं लागायचं. वय वाढताना माणसाच्या कानातूनही आधी हीच वरची पट्टी जाते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. आवाज येतो, शब्द येत नाहीत. अम्मीने अगदी नेमकं निदान केलं होतं. तिच्या कानातून काही गेलं होतं आणि फाइलमधूनही तेच गेलं होतं.

म्हणून मी दोन कामं केली. पहिलं, तिला कान तपासायला नेलं. तपासणीत तेच निघालं, दोन्ही कानांत वरच्या पट्टीचा उतार. यंत्र घ्यायचं ठरलं. हेडफोन आणि डॅक हा श्रवणयंत्राचा पर्याय नाही, हे मुद्दाम लिहितो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल "त्यांना ऐकू येतं, पण लक्ष देत नाहीत" असं आपण फार सहज म्हणतो.

दुसरं, पेटी उघडली. तीन कॅसेटना बुरशी लागली होती, अठरा ठीक होत्या. एका मित्राकडून चालू स्थितीतला टेप डेक आणला. हेड आणि रबरी रोलर साफ केले. हेडच्या बाजूला एक लहान स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. कॅसेट ज्या मशीनवर रेकॉर्ड झाली त्या मशीनच्या कोनाशी तो जुळला नाही, तर वरची पट्टी सगळ्यात आधी मरते. कॅसेट चालू ठेवून मी तो स्क्रू केसभर फिरवत राहिलो. एका जागी टेपची सरसर एकदम धारदार झाली आणि अब्बांचा 'स' ऐकू आला. मला थांबावं लागलं.

मग प्रत्येक बाजूची वेगळी फाइल केली, न दाबता, सीडीच्या मापाने. मिनिटाला साधारण दहा एमबी जागा जाते. आज मेमरी कार्ड इतकं स्वस्त आहे की वाचवायचं कशासाठी?

डॅकबद्दल एक प्रामाणिक हिशेबही देतो. मुलीला बसवून मी एक चाचणी केली. मी डोळे मिटायचे, तिने वायर बदलायची, दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो. लॅपटॉपचं भोक आणि डॅक यांतला फरक मी दहापैकी दहा वेळा ओळखला. माझ्या जुन्या फोनचं भोक आणि डॅक यांत दहापैकी सहा वेळा, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. तेव्हा ज्यांच्या फोनला किंवा लॅपटॉपला स्वच्छ वाजणारं भोक आहे, त्यांनी साध्या हेडफोनसाठी डॅकवर पैसे घालू नयेत. किरकिर येत असेल, भोकच नसेल किंवा हेडफोन तीनशे ओहमसारखे जड असतील आणि फोनचा जोर पुरत नसेल, तर जरूर घ्यावा. काही फोनमध्ये आधी ओटीजी चालू करावं लागतं. हेडफोन कानावर ठेवण्याआधी आवाज अगदी खाली आणावा. मोठ्यांसाठी ऐंशी डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. मुलांसाठी त्याहून पाच डेसिबल कमी. स्वच्छ आवाजाचा खरा फायदा मला इथे दिसतो. किरकिर नसली की कमी आवाजात भागतं.

शेवटी तो दिवस आला. अम्मी खाटेवर, कानावर हेडफोन. दोघांना ऐकता यावं म्हणून मी दुसरे हेडफोन जोडले होते. अब्बांनी सलाम केला. अम्मीने हलक्या आवाजात उत्तर दिलं.

अब्बा सांगत होते, कंपनीने मला वेगळी खोली दिली आहे, थंडगार एसी आहे, काळजी करू नका. हे आम्ही लहानपणी किती वेळा ऐकलं होतं! शाळेत मी त्या खोलीच्या बढाया मारत असे. पण अब्बा बोलता बोलता थांबले आणि त्या थांबण्यात मला दुसरंच काही ऐकू आलं. त्या काळच्या टू-इन-वनमध्ये रेकॉर्डिंगचा जोर आपोआप कमी-जास्त व्हायचा. माणूस गप्प झाला की मशीन कान टवकारायचं आणि खोलीतले बारीक आवाज वर यायचे. लोखंडी खाट करकरली. कुणीतरी खोकलं. मग लांबून एक झोपाळू आवाज आला, "भाई, बत्ती बुझाओ." त्यानंतर अब्बा अगदी हळू बोलू लागले. ते मायेने हळू बोलतात, असं आम्हाला वाटायचं.

मी अम्मीकडे पाहिलं. तिने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"काय झालं?"

"अम्मी, खोलीत आणखी माणसं आहेत."

"सात-आठ तरी असतील," ती म्हणाली. "ते मला पहिल्याच दिवशी ऐकू आलं होतं."

"मग तू कधी बोलली नाहीस?"

"बोलून काय करणार? आम्हाला माहीत नाही असं त्यांना वाटायचं. तेवढंच त्यांना समाधान."

मला ते ऐकायला डॅक लागला, टेप डेक लागला, स्क्रू फिरवावा लागला आणि चाळीस वर्षं लागली. ती त्याच कॅसेट एका साध्या टू-इन-वनवर, दार लावून ऐकत होती.

तिने हेडफोन पुन्हा नीट बसवले. तीस मिनिटं संपल्यावर म्हणाली, "आता दुसरी बाजू लाव."